आर्च मॅनिंगचा हात कच्चा की काळीज?

प्रश्न असा आलाय: "मी ऑस्टिनमध्ये एमएस करतोय. आम्ही चौघं एका घरात राहतो आणि टेक्सास विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाची एकही मॅच चुकवत नाही. 2025 च्या सीझनपासून घरात एकच भांडण चालू आहे. एक म्हणतो, आमचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग याची फेकायची पद्धतच बिघडलेली आहे, हात वरून न येता बाजूने येतो. दुसरा म्हणतो, पद्धत वगैरे काही नाही, पोरगं मऊ आहे, आडनावावर आलंय, अंगावर कुणी धावून आलं की गडबडतं. मी क्रिकेटवर वाढलेला, मला दोन्ही पटतं. बरोबर कोण?"

अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. माझा धाकटा तुझ्याच वयाचा असेल. मी मूळचा साताऱ्याचा. विद्यापीठाकडून भाला फेकायचो, मग इकडे शिकायला आलो आणि गेली अठरा वर्षं टेक्सासमध्येच हायस्कूलच्या क्वार्टरबॅक पोरांना, म्हणजे संघासाठी पास फेकणाऱ्यांना, फेकायला शिकवतोय. आर्चला मी कधी शिकवलं नाही, भेटलोही नाही. फिल्मवर जे दिसलं तेवढ्यावरूनच बोलतोय.

आधी काय घडलं ते मांडतो, कारण भांडणात जो तो सोयीचे आकडे काढतो. सीझन सुरू होताना एपी या वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत टेक्सास पहिलं होतं. सीझनआधी पहिला नंबर मिळायची या विद्यापीठाची ती पहिलीच वेळ. 30 ऑगस्टला कोलंबसमध्ये ओहायो स्टेटने त्यांना 14-7 हरवलं. आर्चचे 30 पैकी 17 पास पोचले, 170 यार्ड, एक टचडाउन (गुण मिळवून देणारा पास), एक इंटरसेप्शन (समोरच्या संघाने पकडलेला पास). दोन आठवड्यांनी घरच्या मैदानावर एल पासोच्या संघाविरुद्ध 25 पैकी 11, आणि मॅच जिंकत असतानाही घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. 4 ऑक्टोबरला फ्लोरिडाकडून 29-21 हार, सहा सॅक, म्हणजे सहादा चेंडू फेकायच्या आधीच त्याला आडवं पाडलं. पुढच्याच शनिवारी डॅलसला ओक्लाहोमाविरुद्ध 27 पैकी 21! त्याच्या पुढच्या शनिवारी केंटकीविरुद्ध 27 पैकी 12. मग मिसिसिपी स्टेटविरुद्ध 346 यार्ड, व्हँडरबिल्टविरुद्ध 328.

आता तूच सांग, एका शनिवारी बिघडलेला हात पुढच्या शनिवारी दुरुस्त होऊन त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा बिघडतो का? काळीजही असं आठवड्याला बदलत नाही. म्हणजे आठवड्याला बदलणारं दुसरंच काहीतरी शोधायला हवं. मला ते पायांत दिसतं. तुझ्या दोन्ही मित्रांनी एकाच दुखण्याला दोन नावं दिली आहेत, आणि दोघांनी बोट भलत्याच जागी ठेवलंय.

डीप मिडविकेटवरून विकेटकीपरकडे फेकणारा फील्डर डोळ्यांसमोर आण. चेंडू उचलतो, छोटी उडी घेतो, मागचा पाय रोवतो, पुढचा पाय टेकवतो, कंबर वळते, तिच्यामागून खांदा, मग कोपर, शेवटी मनगट. जोर जमिनीतून येतो. हात म्हणजे चाबकाचं फक्त टोक. भालाफेकीतही तेच. नीरज चोप्राचा डावा पाय फेकायच्या क्षणी खांबासारखा ताठ होतो, म्हणून धावण्याचा सगळा वेग भाल्यात जातो. क्वार्टरबॅकलाही हीच साखळी लागते, पण धावायला जागा नसते. जेवणाच्या टेबलाएवढ्या जागेत, सव्वाशे-दीडशे किलोची माणसं दोन्ही बाजूंनी ढकलाढकली करत असताना, साधारण अडीच-तीन सेकंदांत हे उरकायचं. चेंडूही चारशे ग्रॅमच्या आसपासचा, क्रिकेटच्या चेंडूच्या अडीचपट. नुसत्या हाताच्या जोरावर तो तीस यार्ड सपाट जात नाही.

साखळी कुठे तुटली हे चेंडू कुठे गेला त्यावरून बऱ्यापैकी ओळखता येतं. उजव्या हाताने फेकणारा पोरगा पुढचा डावा पाय फार लांब टाकतो तेव्हा वजन मागेच राहतं आणि चेंडू रिसीव्हरच्या (पास पकडणाऱ्याच्या) डोक्यावरून जातो. तोच पाय लक्ष्याच्या उजवीकडे आडवा पडला तर कंबर अडकते, हात अंगाच्या आडून ओढावा लागतो आणि चेंडू रिसीव्हरच्या मागे किंवा गुडघ्याखाली पडतो. मागे झुकत फेकला तर पतंगासारखा तरंगतो, आणि तरंगणारा चेंडू म्हणजे डिफेन्सला आमंत्रणच. 2025 च्या सप्टेंबरमधले आर्चचे चुकलेले पास काढून बघ. यातला एकच प्रकार सतत दिसला असता तर मीही म्हणालो असतो की पद्धतच वाईट आहे. पण तिन्ही प्रकार आलटून पालटून दिसतात. तंत्राची खोड एकाच दिशेला चुकवते. सगळ्या दिशांना चुकतोय म्हणजे पाय दर वेळी वेगळ्या जागी पडतोय.

बाजूने येणाऱ्या हाताबद्दलही सांगतो, कारण तुझा पहिला मित्र त्यावर अडून बसलेला दिसतो. हात बाजूने येणं हा रोग नाही. एनएफएल या व्यावसायिक लीगमधला क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स वाटेल त्या कोनातून फेकतो. फिलिप रिव्हर्सची फेक तर गोळाफेकीसारखी दिसायची. कॉलेजपासून नावं ठेवली लोकांनी, पण त्याच फेकीवर तो एनएफएलमध्ये 17 सीझन टिकला आणि 2025 च्या डिसेंबरमध्ये, आजोबा झाल्यावर, 44 व्या वर्षी पुन्हा मैदानात उतरला. हाताचा कोन बराचसा धड किती आणि कुठे कलतं त्यावर ठरतो. पाय रोवले गेले नाहीत की धड कलत नाही आणि हात आपोआप आडवा येतो. मात्र आडव्या हाताची एक किंमत मोजावी लागते. वरून येणारा हात चुकला तर चेंडू वर-खाली चुकतो, तिथे बहुतेकदा कुणी नसतं. आडवा हात चुकला तर चेंडू डावी-उजवीकडे जातो, आणि तिथे दुसऱ्या संघाची माणसं उभी असतात. माहोम्सला ती किंमत परवडते. विशीतल्या पोराला नेहमी परवडेलच असं नाही.

मैदानावरची एक गोष्ट सांगतो. दर जुलैत सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, मी पोरांना गवतावर उभं करतो. गवतावर पांढऱ्या स्प्रेने एक सरळ रेघ मारतो, फोन तिपाईवर लावून पोराच्या बरोबर मागे ठेवतो आणि स्लो मोशन चालू करतो. वीस यार्डांवर जाळी. एक सोळा वर्षांचा पोरगा होता, दिसायला लाखात एक फेक. पहिल्या दहांत नऊ चेंडू जाळीत. मग मी काही न सांगता त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि प्रत्येक फेकीच्या वेळी फोमची जुनी गादी त्याच्या गुडघ्यांकडे सरकवायला लागलो. अंगाला लावलीही नाही. दहांत चार. पोरगा वैतागून म्हणाला, "कोच, आज हात चालत नाहीये." मी त्याला फोन दाखवला. हात तसाच होता, कोपर त्याच उंचीवर. पुढचा पाय मात्र रेघेवरून वीतभर उजवीकडे सरकला होता, कारण गादीपासून गुडघा वाचवायला त्याने तो आत ओढला होता. त्याला स्वतःला ते जाणवलंही नव्हतं. आता हा पोरगा घाबरट म्हणायचा की कच्चा?

कॉलेजात गाद्यांच्या जागी माणसं येतात, आणि त्याहून वाईट म्हणजे फसवणूक येते. क्वार्टरबॅकची पावलं डोळ्यांना बांधलेली असतात. तीन पावलं मागे, पाय टेकला की पहिला रिसीव्हर मोकळा दिसायला हवा. नाही दिसला तर छोटी उडी, नजर दुसऱ्यावर. पावलं म्हणजे त्याचं घड्याळ. ओहायो स्टेटचा डिफेन्स त्या वर्षी मॅट पॅट्रिशिया चालवत होता, एनएफएलमध्ये हेड कोच राहिलेला माणूस. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती देऊन खेळ सुरू होण्याच्या, आधी एक रचना दाखवायची आणि स्नॅप होताच दुसरीत सरकायचं, हा त्यांचा खेळ. डोळ्यांना जे दिसेल असं वाटलं होतं ते दिसलं नाही की पाय थांबत नाहीत, जागच्या जागी नाचतात. फेक उशिरा निघते, घाईत निघते, आणि टीव्हीवर आपल्याला फक्त खराब हात दिसतो.

त्यात समोरची भिंतही नवी होती. क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या, आधीच्या वर्षीच्या पाच लाइनमनपैकी चार गेलेले. त्यातला केल्विन बँक्स एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजची पोरं निवडायच्या फेरीत) नवव्या नंबरवर न्यू ऑर्लीन्सने उचलला. अशी भिंत वर्षानुवर्षं शेजारी शेजारी उभी राहून पक्की होते. फ्लोरिडाच्या मॅचमधल्या सहा सॅकपैकी काही आर्चने चेंडू धरून ठेवल्यामुळे झाले, हे मान्य. पण तीन-चारदा मार खाल्ला की पाचव्या वेळी, कुणी येत नसतानाही, डोळे रिसीव्हरवरून उतरून अंगावर येणाऱ्या लोकांकडे जातात. एनएफएलचा क्वार्टरबॅक सॅम डार्नल्ड 2019 मध्ये न्यू इंग्लंडविरुद्ध 33-0 ने हरताना म्हणाला होता की मला भुतं दिसतायत. अंगावर माइक होता, साऱ्या देशाने ऐकलं. टिंगल झाली, पण आमच्या धंद्यातल्या लोकांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. याहून नेमकं वर्णन मी आजवर ऐकलेलं नाही.

तुझा दुसरा मित्र ज्याला मऊपणा म्हणतो, त्याची जागा ही आहे. क्वार्टरबॅकचा धीटपणा म्हणजे माणूस अंगावर येतोय हे माहीत असूनही पाव सेकंद डोळे पुढे आणि पाय जमिनीवर ठेवणं. तो धीटपणा शिकवता येतो, वाढतो, मार खाऊन तात्पुरता उडूनही जातो. सप्टेंबरमध्ये आर्चचा तो डळमळीत होता, हे मी झाकणार नाही. ओक्लाहोमाविरुद्ध त्याला छोटे, लवकर निघणारे पास दिले, 21 पासांत मिळून 166 च यार्ड, पण पाय स्थिर व्हायला लागले. मला त्या मॅचपासून तो निराळा वाटला. केंटकीला पुन्हा घसरला, ते आहेच.

पण मित्राच्या डोक्यात धीटपणाची दुसरी व्याख्या असणार: दुखत असतानाही खेळतो तो खरा. आर्चच्या बाबतीत ही तुलना टाळता येत नाही, कारण घरच तसं आहे: आजोबा आणि दोन काका, तिघंही एनएफएलचे क्वार्टरबॅक. आजोबा आर्ची मॅनिंगने 1970 मध्ये ओले मिस (मिसिसिपी विद्यापीठ) कडून खेळताना डावा हात मोडून घेतला आणि 1971 च्या जानेवारीत तसाच हात बांधून गेटर बोल ही सीझनअखेरची मॅच खेळला. काका इलाय ओळीने 210 मॅच स्टार्टर होता. दक्षिणेत या गोष्टी आपल्याकडे तानाजीची गोष्ट सांगावी तशा सांगतात. याच घरातली दुसरी गोष्ट मात्र लोक सांगत नाहीत. आर्चचे वडील कूपर चांगले रिसीव्हर होते. अठराव्या वर्षी त्यांच्या मणक्याची नळी अरुंद असल्याचं निघालं आणि त्यांनी खेळ सोडला. मोठे काका पेटन मानेच्या शस्त्रक्रियांमुळे 2011 चा पूर्ण सीझन बाहेर बसले. हे दोघं मऊ होते असं म्हणायची तुझ्या मित्राची तयारी आहे का?

आणि 2014 चं मिशिगन. 27 सप्टेंबर, मिनेसोटाविरुद्धची मॅच. शेन मॉरिस नावाचा क्वार्टरबॅक आधीच घोट्याने लंगडत होता, त्यात चौथ्या क्वार्टरमध्ये हेल्मेटला हेल्मेटचा दणका बसला. पोरगा झोकांडत सहकाऱ्याच्या खांद्यावर रेलला, आणि तरी त्याला पुढच्या प्लेला (चालीला) मैदानात ठेवलं. नंतर एका प्लेसाठी पुन्हा आतही पाठवलं. सौम्य कन्कशन (डोक्याच्या दणक्याने मेंदूला बसलेला धक्का) असावं, असं विद्यापीठाने नंतर कबूल केलं. अॅथलेटिक डायरेक्टरने ऑक्टोबर संपता संपता राजीनामा दिला, हेड कोचला डिसेंबरमध्ये काढलं. हरण्याचा राग होताच, पण हे प्रकरणही भोवलं. त्या दिवशी स्टेडियममधल्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली ती पोराला बाहेर काढा म्हणून. चाहते नेहमीच चुकतात असं नाही.

माझी स्वतःची चूक इथे सांगायला हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पोरगा होता. सीझनच्या तिसऱ्या आठवड्यात अचानक त्याचं कोपर खाली यायला लागलं. मला वाटलं आळस. मी त्याला कोपर वर ठेवायचे व्यायाम लावले, रोज पन्नास फेका जादा. तो हूं की चूं न करता करायचा. दोन आठवड्यांनी त्याची आई मला पार्किंगमध्ये भेटली आणि सहज म्हणाली की हा हल्ली वरच्या फळीवरची ताटली डाव्या हाताने काढतो. मी तिथेच गार पडलो. खांद्याच्या आतली कूर्चा फाटली होती. कोपर खाली येत होतं कारण वर नेलं की दुखत होतं. शरीराने आपली वाट शोधली होती आणि मी तीच बंद करत होतो. पोराला मी वर्षभर शाबासकी देत होतो ती न कुरकुरण्याबद्दल, मग तो सांगणार कसा? तेव्हापासून पद्धत एकाएकी बदललेली दिसली की मी कॅमेरा काढायच्या आधी दुखतंय का विचारतो, आणि पोराच्या आईलाही विचारतो.

म्हणून आर्चचा खांदा दुखतोय अशी कुजबुज सप्टेंबरमध्ये उठली, फेकतानाचा वेडावाकडा चेहरा फोनाफोनांवर फिरला, तेव्हा मला लोकांचा राग आला नाही. प्रश्न रास्त होता. टेक्सासचे कोच सार्किसियन यांनी दुखापत नाही म्हणून सांगितलं आणि संडासात तुमचे चेहरे कसे होतात ते मी कधी टिपलं नाहीये, अशा अर्थाचा टोलाही पत्रकारांना हाणला. खाली कंबर आणि पाय पाहिले तर दुखापतीशिवायही ती फेक समजते, म्हणून मी त्यांचं म्हणणं मानतो.

25 ऑक्टोबरची मिसिसिपी स्टेटची मॅच मित्राला पुन्हा दाखव. चौथ्या क्वार्टरमध्ये टेक्सास 38-21 मागे. तिथून बरोबरी. जादा वेळेच्या पहिल्याच प्लेला आर्च पळाला, आपटला, डोक्याला मार बसला, बाहेर. बदली मॅथ्यू कॉल्डवेलने टचडाउन फेकला, 45-38. मला आर्चला बाकावर बसवण्याचं कौतुक जास्त. कन्कशनची तपासणी पार करून तो पुढच्या शनिवारी व्हँडरबिल्टविरुद्ध खेळला, 33 पैकी 25. नियमित सीझन 9-3 वर संपला. जॉर्जियाने मधे 35-10 झोडपलं, पण शेवटी ए अँड एमला 27-17 हरवलं आणि त्यात आर्चची 35 यार्डांची टचडाउन धाव होती. मऊ पोराची धाव अशी नसते.

तू विचारलं नाहीस, पण पुढचा प्रश्न हाच येणार: मग पाय दुरुस्त का करत नाहीत? सीझनमध्ये होत नाही. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या नियमाने आठवड्याला वीस तास, त्यात मीटिंगा, वजनं, सराव, सगळं आलं. नव्या सवयीला हजारो फेका लागतात आणि त्या निवांतपणी लागतात. टिम टीबो या क्वार्टरबॅकने 2010 च्या ड्राफ्टआधी फेक बदलली होती. रिकाम्या मैदानावर छान दिसायची, मॅचमध्ये लोक अंगावर आले की जुनी लांबलचक फेक परत. उलट जॉश ॲलन बघ. वायोमिंगला असताना 56 टक्के पास पोचायचे, एनएफएलच्या पहिल्या वर्षी 53 टक्क्यांनाही पोचला नाही, 2020 मध्ये 69. हात तोच होता. ऑफसीझनला फेक शिकवणारा कोच जॉर्डन पामर याच्याबरोबर कंबर आणि पायांचा क्रम बसवला, त्याला वर्षं लागली. पेटनचं उदाहरण तर आर्चच्या जेवणाच्या टेबलावरच आहे: मानेच्या शस्त्रक्रियांनंतर हाताची ताकद पूर्ण परत आलीच नाही, पायांवर आणि वेळेवर जुळवून घेतलं आणि 2013 मध्ये 55 टचडाउन फेकले.

पुढच्या सीझनला तिकीट काढशील तेव्हा मधल्या जागांचा मोह सोड. एंड झोनच्या मागे, म्हणजे मैदानाच्या टोकाला, वरच्या रांगेत बस. तिथून क्वार्टरबॅक समोरून नाहीतर मागून दिसतो, माझ्या फोनला दिसतो तसा. स्नॅप झाला की चेंडू बघू नकोस, फार अवघड जातं, पण नको बघूस. त्याचा डावा बूट बघ आणि चेंडू पोचला की नाही ते आजूबाजूच्या आरड्याओरड्यावरून ओळख. पहिल्या क्वार्टरभर एवढंच कर. दोन्ही मित्रांना सोबत ने आणि बूट टेकल्याबरोबर, चेंडू हवेत असतानाच, पास जाणार की चुकणार यावर पैज लावायला सांग. हरेल त्याने रात्रीची भांडी घासायची.